ओल्या पट्टीवरचा तंबू

कावळा लगेच शिवला, वन्सं. पिंड मांडून तुमचा भाऊ चार पावलं मागे सरकतो न सरकतो तोच बाभळीवरून खाली उतरला, भाताला चोच लावली आणि गेला. घाटावरची माणसं खूश झाली. एरवी दहाव्याला तास-तासभर उन्हात ताटकळावं लागतं. कुणी हात जोडून म्हणतं पोरीचं लग्न करू, कुणी म्हणतं बांधावरचं भांडण मिटवू, तेव्हा कुठे तो खाली येतो. तुमच्या वेळी कुणाला काही कबूल करावंच लागलं नाही. प्रवचनाला आलेल्या महाराजांनी माईक हातात घेऊन सांगितलं की माउली तृप्त होऊन गेली, एकही इच्छा मागे ठेवली नाही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मला मात्र राग आला.

त्या कावळ्याला काय माहीत होतं? तुमची इच्छा राहिली होती आणि ती कशामुळे राहिली तेही मला माहीत आहे. तुम्हाला दुसऱ्यांदा समुद्रावर जायचं होतं. माझ्या निलेशने नाही म्हटलं, कारण पहिल्या खेपेला आत्याने तंबू भरतीच्या वाटेत ठोकला, असं घरात लहानथोर सगळे धरून चालतात. ती जागा तुम्ही दाखवली नव्हती. मी दाखवली होती. हे आपल्या दोघींनाच माहीत होतं आणि आता माझ्या एकटीलाच आहे. काल तुमचं तेरावं झालं. आज भांडी परत गेली, मांडव सुटला, आणि मी वही घेऊन बसले आहे. अंगणवाडीत तीस वर्षं पोरांची वजनं-उंच्या लिहिल्या, त्यामुळे मन थांबलं तरी हात थांबत नाही.

तुमची स्तुती मी करणार नाही. ती काल भरपूर झाली. देवमाणूस होती म्हणाले, कुणाला कधी वावगं बोलली नाही म्हणाले. हे म्हणणारी बाई तुमच्या हातून दोनदा रडत घरी गेलेली आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सासर सोडून माहेरी येऊन चार वर्षं झाली होती. कशासाठी आलात हे कुणी विचारायचं नव्हतं. चूल तुमची, पाटा तुमचा, डब्यांची झाकणं तुमच्या हातची. मीठ मी टाकायचं आणि चव तुम्ही घ्यायची. एकदा बाजरीच्या भाकरीवरून आपलं बिनसलं. मी उलथण्याने उलटवली, तुम्ही म्हणालात भाकरीला लोखंड लावायचं नाही, हाताने उलटवायची. त्यावरून आपण जवळजवळ वर्षभर बोललो नाही. निलेश पाळण्यात होता. तुम्ही पाळण्यापाशी उभं राहून त्याला सांगायचा, "निलेश, तुझ्या आईला सांग, पानी तापलंय." मी त्यालाच सांगायचे, "आत्याला म्हनावं, आमी पन ऐकलं." तो बिचारा दोघींकडे बघून हसायचा. कधी मिटलं ते आठवत नाही. बहुतेक त्यालाच ताप आला आणि दोघींना एकदम बोलावं लागलं.

माझा नवरा, म्हणजे तुमचा भाऊ, मुळा धरणाच्या कालव्यावर पाटकरी. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, किती वेळ सोडायचं, हे बघणारा माणूस. आम्ही वीस वर्षं कालव्याच्या चौकीत राहिलो आणि तुम्ही गावातल्या घरी. त्या वीस वर्षांत मी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घेतली, की मला पाणी कळतं. कालवा नुसता वाजला तरी सांगायचे की आवर्तन सुटलं, धरणातून पाळीचं पाणी निघालं. रात्री हे झोपले असले तर लोक मलाच हाक मारायचे, वैनी, आमची पाळी कधी हाय. त्याचा मला माज होता. हे आज कबूल करते. माज होता म्हणूनच पुढचं घडलं.

तंबूचं वेड तुमचं. बचत गटाची सहल भंडारदऱ्याला गेली होती, तिथे तलावाच्या काठाने रंगीबेरंगी तंबू बघून तुम्ही जागच्या हलेनात. "पुन्याची पोरं हौसंनं जमिनीवर झोपायला येत्यात, बघ." आधी तुम्ही हसलात. घरी आल्यावर म्हणालात, "सुमन, आपुन बी झोपू एकदा. पन धरनाला नको. धरन उभ्या जन्मात बघितलं. समुद्राला जाऊ." साठी कधीच उलटून गेलेली, लुगड्यातली बाई, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. भावाने विचारलं, सोबत कोण? तुम्ही म्हणालात, "ही हाय की." मी हो म्हटलं होतं का, ते तुम्ही विचारलंच नाही.

निलेशचा नागापूरला कंपनीत ट्रेकचा ग्रुप आहे, त्याचा तंबू घरात पडून होता. तो तुम्ही अंगणात तीन वेळा लावला आणि तीन वेळा काढला. शेजारच्या बाया भिंतीवरून बघत होत्या. आपल्या अंगणात मुरूम, खुंटी आत जाईना, तर तुम्ही खलबत्त्यातला बत्ता आणलात आणि दणादण ठोकून काढलंत. निलेश म्हणाला, "आत्या, हातोडी देतो की." तुम्ही म्हणालात, "हातोडी माझ्या हाताची न्हाई." तो लोखंडी बत्ता पिशवीत घालून आपण एसटीत बसलो. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, तुम्ही कंडक्टरला नगरचीच गाडी का म्हणून विचारलंत, तो वैतागला. पुण्याला गाडी बदलली, घाट उतरलो, मुक्काम केला, पुन्हा गाडी, मग होडी.

ती जागा मला आजही दिसते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची लांबट पट्टी, तिच्या पाठीवर सुरूचं बन. सरकारने राखलेलं. दुकान नाही, हॉटेल नाही. वहीत नाव लिहायचं, पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारून घ्यायचं आणि आपला तंबू आपण लावायचा. होडीतून उतरून आपण बन ओलांडलं आणि समोर पाणी आलं. मी म्हटलं, "बघा वन्सं." डोक्यावरचा पदर वाऱ्याने पडला तो तुम्ही सावरलाही नाही. चाळीस वर्षांत तुमचं उघडं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, केस किती पातळ झाले होते ते तेव्हा कळलं.

आता जागेचं सांगते. नीट सांगते, कारण याच गोष्टीची सगळ्यांनी वाट लावली आहे. सकाळचे अकरा वाजले होते. वरच्या कोरड्या वाळूत खुंटी धरेना, ठोकली की वर यायची. तुम्ही म्हणालात, "सुमन, वर सुरूत ठोकू. झाडाला दोरी बांधू." मी खाली ओल्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिथली वाळू घट्ट होती आणि समोरच पाणी. तुम्ही म्हणालात, "पान्याच्या लई जवळ हाय ग." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "वन्सं, तुमाला पान्यातलं काय कळतंय? चौकीवर वीस वर्सं काढली मी. वल बघा मागची. पानी उतरतंय. उतरतं पानी पावसाळ्याबिगर मागं फिरत न्हाई."

धरणाच्या काठाला राहिलेलं माणूस असंच बोलणार. दिवाळी झाली की जलाशयाचं पाणी खाली जायला लागतं आणि मागे ओला गाळ उघडा पडतो. त्यावर लोक गाळपेर करतात, हरभरा पेरतात, खोपटं घालून महिनोन् महिने राहतात. पाणी रोज चार पावलं लांब जातं, जवळ कधी येत नाही. पुढचा पावसाळा येईपर्यंत निर्धास्त. मी त्या ओहोटीकडे बघितलं आणि मला धरण दिसलं. भरती हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही, पुस्तकात वाचला होता, पोरांना शिकवलाही असेल. पण तो शब्द आणि ते समोरचं पाणी यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग पाण्याकडे. "बरं. पाटकरीनबाई म्हनतील तसं," म्हणालात आणि बत्ता माझ्या हातात दिलात. मी स्वतःच्या हाताने चारही खुंट्या ठोकल्या. एवढं तरी लोकांनी लक्षात घ्यावं, की बत्ता कुणाच्या हातात होता.

दुपारी आपण जेवून तंबू बंद केला आणि पट्टी ओलांडून खाडीच्या अंगाला गेलो. तिथे एक कोळीण गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत होती. तुम्ही तिच्याशी दोन तास बोललात. तिचं तुम्हाला निम्मं कळत नव्हतं, तुमचं तिला निम्मं कळत नव्हतं, तरी दोघी हसत होतात. सूर्य कलायला लागला तशी ती टोपली उचलून निघाली आणि सहज म्हणाली, "तंबू कुठं लावलाव?" मी मोठ्या तोऱ्यात हात लांब करून समुद्राकडे दाखवलं, अगदी पाण्याजवळ. तिने टोपली खाली ठेवली. "अगो बायांनो, भरती लागली कवाची. पळा."

आपण बनातून धावत बाहेर आलो, मागोमाग कोळीण, तेव्हा तंबू पाण्यात होता. दोन खुंट्या निघाल्या होत्या, दोन धरून होत्या आणि मधला कापडाचा गोळा पाण्यावर वरखाली होत होता. हे आपण घरी कुणाला सांगितलं नव्हतं, वन्सं, आणि तेही आज लिहून टाकते. मी कोरड्या वाळूवर उभी राहिले. ज्या बाईला पाणी कळतं ती उभी राहिली आणि जिला काय कळतंय म्हणून मी हिणवलं होतं ती लुगड्याचा काष्टा वर खोचून कमरेएवढ्या पाण्यात गेली. एक लाट आली तशा तुम्ही दिसेनाशा झालात. तेवढ्यात मी तुमच्या नावाने किती ओरडले ते कोळीण सांगेल. तुम्ही तंबूची काठी धरून वर आलात, नाकातोंडात पाणी, आणि तंबू ओढत काठाला घेऊन आलात. वाळूवर बसलात. मला वाटलं आता बोलणार, आता चाळीस वर्षांचं बाहेर काढणार. तुम्ही तोंड पुसलंत आणि म्हणालात, "सुमन, हे कसलं आवर्तन ग? अर्ज न्हाई, पाळी न्हाई. हितला पाटकरी कोन हाय?"

मग तुम्ही हसलात ते थांबेनात. मला हसू येत नव्हतं, रडू येत होतं, आणि तुमच्या हसण्याचा रागही येत होता. कोळणीने कोरडी चादर आणून दिली. आपण सुरूच्या दोन झाडांना दोरी बांधून तंबू लावला, जिथे तुम्ही सकाळीच म्हणाला होतात तिथे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना स्टोव्हवर चहा ठेवला होता. तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन समुद्राकडे बघत होतात आणि मधेच म्हणालात, "मी तिकडनं निघाले ना सुमन, तवा बी अशीच सकाळ हुती." तिकडनं म्हणजे सासरहून. उभ्या जन्मात त्या घराचं नाव तुम्ही काढलं नव्हतं. आणि मी काय केलं? म्हणाले, "थांबा वन्सं, चहा उतू चाललाय." स्टोव्ह बंद केला, चहा गाळला, तुमच्या हातात दिला. तुम्ही म्हणालात, "साखर जास्त झाली." पुढचं तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. वाटलं, आहोत की अजून, घरी गेल्यावर निवांत विचारू. घरी दळण होतं, धुणं होतं, सण होते. ते राहूनच गेलं. महाराज म्हणतात मागे काही राहिलं नाही. तुम्ही सासरहून निघालात त्या सकाळी काय झालं होतं ते त्यांनीच मला सांगावं.

त्या दिवशी तुम्ही दुसरं काही केलं नाही. सुरूच्या काटक्या गोळा केल्यात आणि पाणी येईल तिथे एकेक खोवत बसलात. वर चढलं की वर, उतरलं की खाली. माझ्या घड्याळात किती वाजले ते दर थोड्या वेळाने विचारायचात. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना म्हणालात, "काल यायचं त्याच्यापेक्षा आज पाऊन तास उशिरा येतंय. उद्या अजून पाऊन तास." होडीवाल्याला मी विचारलं तर तो म्हणाला, "बरोबर आहे आजींचं." शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने दीड दिवसात काटक्या खोवून ते शोधून काढलं. आणि या बाईला भरती कळत नाही, असं आमच्या घरात म्हणतात.

घरी पोहोचलो. तुमच्या भावाने ओला, खारट वास मारणारा तंबू बघितला आणि विचारलं, "हे काय झालं?" मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात. "मीच म्हनलं पान्याजवळ ठोकू. माझीच अक्कल." ते चार दिवस हसत होते. येईल त्याला चहा द्यायचे आणि ही गोष्ट तुम्हाला सांगायला लावायचे, तुम्हीही रंगवून सांगायचात. मी तुम्हाला मागच्या दारी गाठून विचारलं, असं का केलंत? तुम्ही हौदावर पाय धुत होतात. "त्यो तुला जन्मभर चिडवंल. पाटकऱ्याची बायको आन् पानी कळंना. मला काय, मी त्याची भन हाय, मला आधीच वेडी म्हनतोय." मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं.

खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. माझी पत राहिली म्हणून सुटल्यासारखं झालं. पण त्याच दिवसापासून तुमची पत जायला लागली आणि मी ती जाताना बघत राहिले. तुमचा चष्मा सापडेना तर निलेश म्हणायचा, आत्याची भरती झाली. डाळीत मीठ विसरलं, आत्याची भरती झाली. पोरासोरांनी तो शब्द उचलला. तुम्ही हसायचात, मीही हसायचे. घरातल्या एका धड माणसाला बावळट ठरवायला किती दिवस लागतात, ते मी या डोळ्यांनी बघितलं.

आणि मग मागचा डिसेंबर. तुम्ही सकाळी सकाळी तंबू उन्हात घातलात आणि निलेशला म्हणालात, आमचं तिकीट बघ. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "न्हाई आत्या. तुला न्हाई पाठवायचं. तुला भरती कळत न्हाई, वय झालंय, आता डोकं चालत न्हाई तुझं. आईला एकटीला कुठं निस्तरायला लावतीस?" रागाने नाही, काळजीने म्हणाला. मी मेथी निवडत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी मेथीकडे बघितलं. तुम्ही किती वेळ थांबलात, वन्सं. मग म्हणालात, "बरं, राहिलं." तंबूची घडी घातलीत आणि आत ठेवून आलात.

मी तेव्हा मनाशी म्हटलं की आता खरं सांगितलं तर दोघींचंही जाणं बंद होईल, त्यापेक्षा थोडं थांबावं, पोराला हळूहळू वळवावं. हे खोटं आहे. मला पाटकरीणबाई राहायचं होतं, बाकी काही नाही. चैत्रात तुम्ही अंगणात तूर निवडता निवडता कलंडलात. सुपातली तूर तशीच राहिली होती, ती मी दुसऱ्या दिवशी निवडली.

पण माझं भांडण तुमच्याशीही आहे. तुम्ही का बोलला नाहीत? तोंड नव्हतं तुम्हाला? भाकरीवरून वर्षभर अबोला धरणारी बाई, ग्रामसभेत सरपंचाला खाली बसवणारी बाई, त्या दिवशी नुसतं बरं राहिलं म्हणते? मेथीची जुडी माझ्या अंगावर फेकायची होती. म्हणायचं होतं, सांग तुझ्या पोराला. मी सांगितलं असतं. मला वाटतं, सांगितलं असतं. तुमचा मोठेपणा मी मागितला नव्हता. तो तुम्ही माझ्या गळ्यात घातलात आणि निघून गेलात, आता तो काढू कसा? चिडले आहे मी तुमच्यावर. तेरा दिवस लोकांनी मला पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवले, वैनीला लई लागलं म्हणाले. मला लागलं आहेच, पण त्यातला निम्मा तरी राग आहे.

तुमच्या अस्थी पुणतांब्याला गोदावरीत सोडल्या. एकजण म्हणाला, समुद्रात नेऊ या का, तिला आवड होती. मी नको म्हटलं. समुद्राचं पाणी अंगाला चिकटतं म्हणून तुम्ही घरी येऊन तीन बादल्यांनी अंघोळ केली होतीत. तुम्हाला समुद्र बघायचा होता, काटक्या खोवायच्या होत्या, त्यात जायचं नव्हतं. तुम्हाला काय हवं होतं आणि काय नको होतं, हे तरी मला कुणी शिकवू नये.

तर काल तेराव्याचं सांगते. पंगत उठली होती, माणसं मांडवात सुपारी कातरत बसली होती. तुमच्या चुलतभावाने ती गोष्ट काढलीच. अगदी मायेने काढली. कमळअक्कानं समुद्रात तंबू ठोकला, म्हणे. सगळे हसले, डोळे पुसत हसले. निलेश म्हणाला, "तवापासनंच आत्याचं जरा कमी झालं हुतं. आमच्या ध्यानात उशिरा आलं."

माझ्या हातात वाढायचं पळी-पातेलं होतं. ते खाली ठेवलं आणि मांडवाच्या मधोमध, पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिले. म्हटलं, ऐका. जागा मी दाखवली. वन्सं सुरूत ठोकू म्हनत हुत्या. मी म्हनलं, उतरतं पानी मागं फिरत न्हाई. खुंट्या माझ्या हातच्या. पान्यात त्या गेल्या, मी काठावर उभी हुते. त्यांना भरती दीड दिवसात कळली, मला अजून कळली न्हाई. डिसेंबरात त्यांना जाऊ दिलं न्हाई ते माझ्यामुळं. सगळं सांगितलं, वन्सं, एक अक्षर गाळलं नाही.

मग तुमचा भाऊ उठला. तेरा दिवसांत प्रथमच त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बास कर सुमन. ती गेली. आता तिच्यापायी खोटं बोलू नको." चुलतभाऊ म्हणाला, "नणंद-भावजयीची अशी माया आता बघायला मिळत न्हाई." आणि एक म्हातारी म्हणाली, "पाटकऱ्याची बायको ती. तिला का पान्याचं कळंना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा सांगायला लागले तर निलेशने मला धरून ओट्यावर नेऊन बसवलं आणि पाणी दिलं.

कुणालाही खरं वाटलं नाही. तुम्ही ती गोष्ट इतक्या वेळा, इतक्या रंगवून सांगितली होतीत, की आता तुमचंच खरं. मेल्यावरही तुम्ही मला घरात एक शब्द खरा करू दिला नाही.

आज सकाळी मी निलेशला म्हटलं, डिसेंबरात मी समुद्राला जाणार, एकटी, तिकीट बघ. वाटलं होतं अडवेल, म्हणजे भांडता तरी येईल. त्याने लगेच मोबाईल काढला. म्हणाला, "जा की आई. तुझं टेन्शन न्हाई. तुला पान्यातलं कळतंय."

मी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. म्हटलं, या बोलण्यावर मी जाणार नाही. आधी तू माझ्यासमोर म्हण, आत्याला कळत होतं. तो केविलवाणा हसला. म्हणाला, "बरं, कळत हुतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. ते मला चालणार नाही. तो मनापासून म्हणेपर्यंत मी रोज विचारणार आहे, सकाळी कामावर निघताना आणि संध्याकाळी परत आल्यावर. त्याने कंटाळावं, वैतागावं, मला वेडी म्हणावं. म्हणू दे. तेवढं माझ्या वाट्याचं राहिलंच आहे.

आणि जाणार तर मी आहेच. एसटीत शेजारी बसेल तिला सांगीन, होडीवाल्याला सांगीन, ती कोळीण भेटली तर तिलाही. तुम्हाला न ओळखणारी, मलाही न ओळखणारी माणसं. त्यांना कशाला खोटं वाटेल? हे वहीतलंही अशाच कुणीतरी वाचावं. चाळीस वर्षं भांडलो, पण हे वाक्य माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकलं नाहीत, आणि आता मी ते मांडवभर माणसांत ओरडून सांगितलं तरी कुणी धरत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते. तुमचं बरोबर होतं, वन्सं.